तिरका, तिरपा, तिरकस, वाकडा, आडवा... हे सगळे एकच का बे?

इतवारीची_लेक (धागा काढणारी)
मंडळी, विषय फालतू वाटेल पण दोन दिवसांपासून डोक्यात बसलाय म्हणून टाकतेय. परवा गोकुळपेठेत टेलरकडे ब्लाउज टाकायला गेले होते, सोबत पोट्टी होती, सहावीतली, तिला सगळ्या जगाचे प्रश्न नेमके तिथेच पडतात. टेलरकाका म्हणाले ताई गळ्याला पायपिंग पाहिजे तर उरेब पट्टी काढावी लागेल, कपडा जास्त लागेल. पोट्टी म्हणे उरेब म्हणजे? काका म्हणे तिरपा. पोट्टी म्हणे म्हणजे तिरकस? तर काका टेप गळ्यात टाकत म्हणतात कसे, "नाही बेटा, कपडा तिरपा असते, तिरकस तुझी आई बोलते." (मागच्या वेळी बाही घट्ट झाली तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं की काका, माप माझंच घेतलं होतं ना? आता यात तिरकस काय आहे सांगा.)

घरी आल्यावर कळलं की मराठीच्या बाईंनी हाच गृहपाठ दिलाय. वरचे पाच शब्द वाक्यात वापरून आणा आणि एकाच्या जागी दुसरा चालला नाही पाहिजे. मी आणि नवरा रात्री साडेअकरापर्यंत भांडलो. तो म्हणतो सगळे एकच, नुसती बोलायची पद्धत. मला आतून वाटतं एक नाहीत पण सांगता येईना. उन्हाला आपण तिरकस म्हणत नाही आणि बोलण्याला तिरपं म्हणत नाही एवढं कळतं, पण का?

तर्री_एक्स्ट्रा
काहून एवढं डोकं लावून राह्यले राजेहो, पोट्टीले सांगा पोहे खाय अन् झोप. पण टेलरकाका एक नंबर माणूस हाय.

ओळंबा
तीस वर्षं बांधकामावर आहे, माझं आयुष्यच या शब्दांत गेलंय. मिस्त्रीलोकांकडे यांची अदलाबदल चालतच नाही. भिंत ओळंब्यात नसली तर ती "कलली". खोलीचा कोपरा गुण्यात (म्हणजे काटकोनात) नसला तर खोली "तिरकी" (एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजायचं आणि मधलं अंतर बरोबर पाच भरलं नाही की समजायचं गेलं काम). बाथरूमच्या फरशीला "ढाळ" पाहिजे, तिला कोणी तिरपी म्हटलं तर मिस्त्रीच तुमच्याकडे तिरपं बघतो. छप्पर "उतरतं". आणि सळई "वाकडी", कारण ती मुळात सरळ होती आणि कोणीतरी वाकवली.

माझ्या मते फरक इथेच आहे, वाकड्यात काहीतरी बिघडलेलं असतं, तिरक्यात नसतं. तिरकी भिंत स्वतः दोरीत सरळ असू शकते, फक्त शेजारच्या भिंतीशी तिचा कोन जमत नाही.

इतवारीची_लेक
@ओळंबा अहो हे तर माझ्या जाऊबाईंचं वर्णन झालं. सॉरी, झालं का हे तिरकस?

महालातले_मास्तर
झालं.

ओळंबा यांचा मुद्दा आवडला, त्याला थोडी संस्कृतची जोड देतो. या सगळ्या "तिर"वाल्यांचं मूळ घराणं "तिरस्". म्हणजे आडवं, पलीकडे, आड. त्यातूनच तिर्यक्, म्हणजे आडवा किंवा तिरपा जाणारा. तिरोहित म्हणजे दृष्टीआड झालेला. संस्कृत नाटकातला पडदा म्हणजे तिरस्करिणी. आणि गंमत पाहा, आपण ज्याला तिरस्कार म्हणतो तो शब्दही मुळात नुसतं बाजूला सारणं एवढाच, चीड त्यात नंतर आली. माणूस उभा चालतो आणि गाय, कुत्रा, सरडा यांचा कणा जमिनीला आडवा, म्हणून पशुपक्ष्यांना म्हणायचं तिर्यक् योनी.

सराफा_ओळ
मास्तर, आमच्याकडे जैन पाठशाळेत चार गती पाठ करून घेतल्या होत्या, देव, मनुष्य, नारकी, तिर्यंच. चाळीस वर्षं तिर्यंच म्हणजे प्राणी एवढंच माहीत होतं, आडवे म्हणून तिर्यंच हे आज कळलं. रविवारी सावजी मटण... नाही, म्हणजे पाटोडी खाऊन सोफ्यावर पडलो की मीही तिर्यंचच.

तर्री_एक्स्ट्रा
@सराफा_ओळ "नाही म्हणजे पाटोडी" 😂 घरचे वाचून राह्यले वाटते धागा.

बर्डीवर_भेटू
मला वाटायचं तिरकस हा शब्द बाणांच्या भात्यावरून आला. हिंदीत तरकश म्हणतात ना. तिरकस बोलणारा माणूस एक एक बाण काढून मारतो, परफेक्ट बसतं की. आमच्या ऑफिसात एक रायपूरचा आहे, मी एकदा म्हटलं की साहेब आज तिरकस मूडमध्ये आहेत, तो म्हणे हां हां, पूरा तरकश लेके बैठे हैं. दोघांनाही कळलं, कोणाचंच अडलं नाही.

महालातले_मास्तर
बसतं छान, पण नातं नाही. तरकश फारसी आहे, तीर अधिक कश, बाण जिथून ओढायचे ते. आपला तिरकस तिर्यक्च्या घरातला. नागपुरात हिंदी आणि मराठी एकाच फाटकातून ये-जा करतात त्यामुळे असे खोटे भाऊ खूप भेटतात. तरी तुमच्या रायपूरच्या मित्राचं वाक्य मी वापरणार आहे.

पुण्यात_अडकलेला
तिरकस या विषयावर मला बोलू द्या कारण बारा वर्षं झाली मी त्याच्या माहेरघरात राहतो. इथे पाट्यांपासून सुरुवात होते. पहिल्या वर्षी मला कळायचंच नाही की समोरचा माझा अपमान करून गेला, रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात यायचं की अरे, दुपारी तो "तुम्हाला वेळ बराच असतो" म्हणाला ते कौतुक नव्हतं. शालजोडीतले म्हणतात त्याला, जोडा शालीत गुंडाळून मारायचा. आपल्या नागपुरात असलं नाही बाबा. आपण सरळ. "काय बे, डोकं फिरलं का?" संपला विषय, चल चहा पिऊ.

वऱ्हाडी_ठेचा
@पुण्यात_अडकलेला हे आपण सरळ, आपण सरळ, लय ऐकलं बावा. भाऊ तुम्ही गाव सोडून बारा वर्सं झाली म्हून विसरले. आमच्या आजीले तिरकस हा शब्दच माहीत नोता पन बोलनं असं की पुण्यावाला पानी भरन. सून उशिरा उठली त सुनेले काई म्हनाची नाई, कोंबड्याले म्हने, "काहून रे, तू लवकर ओरडतं, तुले मालूम नाई का आपल्या घरी आता सायेब लोक रायतात?" आता सांगा हे सरळ हाय का? लेकी बोले सुने लागे, पन आमच्याकडं लेक बी नाई लागत, कोंबडा चालते.

इतवारीची_लेक
@वऱ्हाडी_ठेचा कोंबडा चालते 🤣🤣 अव माय, पोट्टीला वाचून दाखवलं, ती आता घरात भिंतीशी बोलून राहिली आहे.

महालातले_मास्तर
वऱ्हाडी_ठेचा यांच्याशी पूर्ण सहमत, आणि एक गोष्ट जोडतो. पोळ्याच्या झडत्या आठवा. बैल तोरणाखाली उभे, वाजंत्री थांबलेली, आणि एकेक जण उठून झडती म्हणतो. सुरुवात बैलाच्या शिंगापासून होते, मधे कापसाचा भाव येतो, सावकार येतो, पाटील येतो, तो पाटील समोरच उभा असतो आणि त्यालाही हसावं लागतं कारण शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" आलं की सगळ्यांनी मिळून महादेव म्हणायचं. ज्याच्यावर मारलं त्यालाच शेवटी सोबत ओरडायला लावायचं, यापेक्षा मोठी कारागिरी कोणती?

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईचा निषेध, असं जुने लोक सांगत आलेत. त्यांच्या मागून बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, कधी शेजारच्या देशाचा, गळ्यात पाटी अडकवलेली. पुण्याची पाटी भिंतीवर चिकटून बसते, आमची पाटी पुतळ्याच्या गळ्यात बांधून वाजतगाजत नेतात आणि शेवटी पुतळ्यासकट जाळतात.

पुण्यात_अडकलेला
मास्तर मागे घेतो शब्द. घेऊन जाय गे मारबत.

ओळंबा
पण मास्तर, झडती तिरकस आहे की उघड? बडग्याच्या गळ्यात नावासकट पाटी असेल तर ते सरळच झालं ना.

महालातले_मास्तर
चांगला प्रश्न आहे. नाव सरळ, सांगायची वाट तिरकी. आपल्या काव्यशास्त्रात यालाच वक्रोक्ती म्हणतात, त्यावर काश्मीरच्या कुंतकाने हजारेक वर्षांपूर्वी अख्खा ग्रंथ लिहिला, वक्रता हाच काव्याचा प्राण म्हणून. वक्रोक्ती अलंकाराचा एक प्रकार मला फार आवडतो, काकु वक्रोक्ती, म्हणजे शब्द तेच ठेवायचे आणि फक्त आवाज वळवायचा. "माप माझंच घेतलं होतं ना?" हे कागदावर लिहिलं तर साधा प्रश्न आहे. टेलरकाकांनी कागद नाही, आवाज ऐकला.

इतवारीची_लेक
पकडली गेले.

चौसष्ट_घरं
या धाग्यावर बुद्धिबळ अजून कसं नाही आलं? आणि तेही नागपुरात, जिथल्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिलांचा वर्ल्डकप जिंकला! मी लहान मुलांना शिकवतो. उंट तिरका जातो, हत्ती सरळ, घोडा अडीच घरं, हे पोरं दहा मिनिटांत शिकतात. अडतात कुठे तर प्याद्यावर. प्यादं चालतं सरळ पण मारतं तिरकं. समोर कोणी उभं असेल तर त्याला काहीच करू शकत नाही बिचारं, अडून बसतं, पण पुढच्या तिरक्या घरात कोणी आलं की उचललं. दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं, सर समोरच्याला का नाही मारत, भितं का?

आणि रहीमचा दोहा आठवतो, "प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय". लोक याचा अर्थ घेतात की छोटा माणूस मोठा झाला की अकडून चालतो. अर्थ बरोबरच, पण जुन्या शतरंजात फर्जी म्हणजे वजीर फक्त एकच घर आणि तेही तिरकंच जायचा. म्हणजे रहीम पटावरचा नियमच सांगतोय. एका घराचा वजीर, पण तोरा बघा.

आमच्या क्लासमध्ये उंटाला कोणी तिरकस म्हणत नाही. तिरपा पण नाही. तिरकाच.

तर्री_एक्स्ट्रा
उंटाले मराठी येत नाही म्हून बरं.

कोष्टीपुऱ्याची
मला उरेबवर लिहायचं आहे, सगळे बोलण्यावरच गेले. आमच्या घरी आजोबांपर्यंत माग होता. कापडात फक्त दोन दिशा असतात, उभा ताणा आणि आडवा बाणा. धागा तिरका कधीच नसतो. म्हणजे उरेब ही कापडात विणलेली नसते, ती शिंपी कात्रीने शोधतो, बरोबर मधोमध, काटकोनाचा अर्धा, 45 अंश. आणि त्या दिशेने ओढलं तरच साधं सुती कापड ताणतं. उभं ओढून बघा, नाही ताणत. आडवं, जरासं. तिरपं ओढलं की रबरासारखं. म्हणून गळ्याच्या गोलाईवर उरेब पट्टी चुण्या न पडता बसते, सरळ पट्टी लावली तर गळा उभा राहतो. उरेब शब्दसुद्धा फारसीकडून आलाय, अर्थ तिरपा एवढाच.

शिकवण्या घेते मी, पोरी कापड वाचवायला सरळ पट्टी कापतात आणि मग दोन तास उसवत बसतात. टेलरकाका जास्त कपडा मागत असतील तर ते खरं सांगत आहेत, द्या.

इतवारीची_लेक
@कोष्टीपुऱ्याची मी तर त्यांना म्हणून आले की काका उरलेल्या कपड्यात तुमच्या नातीचा फ्रॉक होईल का. आता जाऊन काय सांगू 🙈

फुटाळा_सनसेट
ऊन राहिलं. नागपूर साधारण 21 अंशावर, कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळे वर्षात दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, मे संपता संपता आणि मग जुलैच्या मधे, तेव्हा खांबाची सावली पायाखाली गडप. मे वाला दिवस नवतप्यातच (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) येतो बघा. जुलैत ढग असतात, कोणाला कळतही नाही. आणि डिसेंबरात भर दुपारी बारालासुद्धा सूर्य 45 अंशाच्या आसपासच चढतो, म्हणून तेव्हाचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट खोलीच्या आत येतं. आई त्या पट्ट्यात पापड नाही तर स्वतः बसायची, तिरीप म्हणायची तिला. उन्हाळ्यात तिरीप हा शब्द मी कधी ऐकला नाही, उन्हाळ्यात नुसतं ऊन, त्याला विशेषण लावायची कोणाची हिंमत नाही.

तिरप्या उन्हात ताकद कमी का, तर तेवढेच किरण जास्त जागेवर पसरतात. शब्द बरोबर आहे.

ओळंबा
आणि पाऊस तिरपा आला की झड आत येते, खिडकीवर छज्जा किती काढायचा ते त्यावरून ठरतं. अवांतर आहे पण आमच्याकडे आठ दिवस लागून राहिलेल्या पावसालाही झडच म्हणतात.

बिननावी_माय
एक बोलू का, इथे हसणं चाललंय, मीपण हसले, पण "तिरळा" हा शब्द अजून कोणी काढला नाही म्हणून बरं वाटलं. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागतं. लोक चुकीच्या डोळ्यावर पट्टी लावली म्हणून मला शिकवायचे. बिल्डिंगमधली मुलं त्याला चकणा म्हणायची आणि मोठी माणसं त्यावर "दारूसोबतचा चकणा का?" म्हणून विनोद करायची. आता नववीत आहे, डोळा सरळ आहे. पण तो शब्द घरात आम्ही अजून वापरत नाही, दाण्यांनासुद्धा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, चुकलं असन त मोठ्या मानसाइचं. पोराले शाबासकी सांगा.

महालातले_मास्तर
तुमच्या पोस्टनंतर शब्दांचा खेळ करणं बरं दिसत नाही, पण डोळ्याचा एक शब्द मुलाला सांगावासा वाटतो, कटाक्ष. मूळ अर्थ डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेली तिरकी नजर. आणि आज मराठीत "कटाक्षाने पाळतो" म्हणजे एक इंच न ढळता. तिरक्या नजरेचाच शब्द, आणि त्यानेच शिस्तीचा अर्थ घेतला. त्या पट्ट्या तुम्ही कटाक्षानेच लावल्या असणार.

बिननावी_माय
🙏

टेकडी_गणपती_मंगळवार
सरळपणाचं एवढं कौतुक चाललंय पण आपण कुठल्याही कामाआधी पहिला नमस्कार करतो तो वक्रतुंडालाच. आणि कृष्ण बघा, तीन ठिकाणी वाकून बासरी वाजवतो. सरळ उभा कोण, तर आपला विठोबा.

कोष्टीपुऱ्याची
आणि विठोबासमोर चोखोबा म्हणतात "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा". लहानपणी मला डोंगा म्हणजे नाव वाटायची, नदीतली, आमच्याकडे तिला डोंगाच म्हणतात, आणि मी विचार करायचे की ऊस नावेत कशाला. डोंगा म्हणजे वाकडा. ओळंबा म्हणतात तसा वाकडा बिघडलेला असेलही, पण उसाचं बिघडलेलं काय आहे? रस तर गोडच.

ओळंबा
मान्य. सळईसाठी नियम ठेवतो, उसासाठी मागे घेतो.

पेपरवाला
आमच्या धंद्यातले दोन शब्द राहिले, तेढ आणि तिढा. समाजात तेढ, जागावाटपाचा तिढा. दोरीला पीळ पडून गाठ बसते तसा तिढा, म्हणून तो "सुटतो", आणि तेढ "निर्माण होते" पण सुटताना मी एकाही बातमीत वाचली नाही. आडवा बद्दल कोणी बोललं नाही, तर मांजर आडवं जातं, नशीब आडवं येतं, जेवणावर आडवा हात मारतो आणि मग आडवे होतो. कामाचा शब्द आहे.

व्याकरण_नको
नाव काहीही असलं तरी मला व्याकरण आवडतं. "घोडा" ला प्रत्यय लावायचा तर आधी "घोड्या" करावं लागतं, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो, हिंदीवाले तिर्यक रूप म्हणतात. जुन्या लॅटिन व्याकरणातही कर्त्याची विभक्ती ताठ उभी आणि बाकीच्या कलंडलेल्या असंच मानत. म्हणजे घोडा एकटा असला की उभा. "घोड्यावर" कोणी बसलं की तिरका. आणि वऱ्हाडीत "घोड्याले" म्हटलं तरी तिरका होतोच, तिथे सुटका नाही.

तर्री_एक्स्ट्रा
एवढं शिकलो असतो त पोहे विकत असतो का. (विकत नाही, खातो. पन मुद्दा समजा.)

इतवारीची_लेक
मंडळी, गृहपाठ झाला. नवऱ्याने पण पूर्ण धागा वाचला आणि "मी तेच तर म्हणत होतो" म्हणाला. पोट्टीने कोणाची मदत न घेता लिहिलंय, जसंच्या तसं टाकते:

"हिवाळ्यात आजीच्या पलंगावर तिरपे ऊन येते. उंट तिरका चालतो पण त्याला राग आलेला नसतो. आई टेलरकाकांशी तिरकस बोलली. ऊस वाकडा असला तरी मी खाते. बाबा जेवून आडवे झाले."

बाईंनी पाचही बरोबर दिले. तिसऱ्या वाक्याखाली लाल शाईने लिहिलंय, "आई भेटायला याव्यात." ब्लाउज शनिवारी मिळणार आहे, काकांनी कपडा अर्धा मीटर जास्त मागितला, मी मुकाट्याने दिला.

वऱ्हाडी_ठेचा
बाईले भेटाले जाताना कोंबडा सोबत न्या.